‘तग धरणे’ म्हणजे चिकाटी का?

कोल्हापूरच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: सातवीतल्या मुलानं वाक्यात उपयोग केला, ‘रवीने रोज पहाटे उठून अभ्यासात तग धरली.’ अर्थ ‘अडचण असूनही न सोडणे’ असाच शिकवलाय, मग वाक्य कानाला का खटकतं?

बाई, तुमचा कान बरोबर आहे. रवी करतोय ती चिकाटी. तो आपणहून पुढं जातोय. तग धरायला मात्र वरून काहीतरी यावं लागतं. पाणी, ऊन, कर्ज, दुखणं.

आपल्याकडं हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांवर गेली. धोका पातळी ४३ फुटांची. पाणी उतरल्यावर नदीकाठचे शेतकरी सरीत शिरून आधी उसाचा शेंडा मोडायचे आणि पोंगा, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं, उभा चिरून बघायचे. आत पांढराशुभ्र निघाला तर ‘तगला’. तपकिरी, बोटाला चिकट, आंबूस वासाचा निघाला तर ‘गेला’. ‘टिकला’ असं कुणाच्या तोंडून आलं नाही. टिकायला नुसता काळ पुरतो: लोणचं टिकतं, गुळाची ढेप टिकते. तगणाऱ्याच्या बाबतीत मधे जायची भीती असते.

खासबागेच्या मैदानात कुस्ती बघा. खालचा पैलवान पोटावर घट्ट पडून राहतो, पाठ लागू देत नाही, तेव्हा त्यानं तग धरलेली असते. तोच उसळून डाव टाकायला लागला की हा शब्द संपला.

म्हणून ‘तग’ला ‘-पर्यंत’ फार जवळचं: पाणी उतरेपर्यंत, पाऊस येईपर्यंत. दोन पाण्यांवर पीक कसंबसं वाचवतो तेव्हा आपण ते ‘तगवतो’, हेही त्याच घरातलं. ‘तगादा’ मात्र यातला नव्हे, तो अरबी-फारसीतून आला.

‘तग धरला’ की ‘धरली’? दोन्ही ऐकू येतात, मुलाचे गुण त्यासाठी कापू नका.

रवीला ‘नेटानं अभ्यास केला’ असं द्या. फळ्यावर हे लिहा: ‘नवी लागण पुरात गेली, शेंडा पाण्यावर राहिलेल्या आदल्या वर्षीच्या आडसाली उसानं मात्र पाणी ओसरेपर्यंत तग धरली.’