वडिलांचा क्लेम 'जुना आजार लपवला' म्हणून नाकारला असेल तर आधी केसपेपर बघा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या दादांनी लिहिलंय की ७४ वर्षांच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, आरोग्य विम्याची पॉलिसी नऊ वर्षं सलग चालू आहे, आणि आता कंपनी म्हणते, मधुमेह लपवला. आमच्या आईच्या वेळी अगदी असंच पत्र आलं होतं. फक्त मधुमेहाच्या जागी बीपी.

बिलं, रिपोर्ट, फॉर्म तुम्ही दिलेच असणार, त्यात जात नाही. घोळ केसपेपरात असतो. आईला रात्री कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, बीपी कधीपासून? सोबत आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "असंल की धा वर्षं." तेच कागदावर उतरलं. गोळ्या खरं तर पॉलिसी घेतल्यानंतर सुरू झालेल्या. कंपनीने अख्खी फाईल सोडून त्या एका ओळीवर बोट ठेवलं. वर टीपीएवाले, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद बघणारी संस्था, एका वेळी एकच कागद मागायचे. तो दिला की दुसरा. फोनवर दर वेळी नवा माणूस, पहिल्यापासून सगळं सांगायचं. डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांची मर्यादा आहे, उशिरामुळे वाढलेलं बिल कंपनीनेच सोसायचं असा २०२४ चा नियम आहे. पण सलाईन काढलेलं म्हातारं माणूस घरी जायची वाट बघत खाटेवर बसून राहतं, त्याचं काय? अजून संताप होतो.

तर आधी हॉस्पिटलकडे इनडोअर केसपेपरची (ॲडमिट असतानाच्या नोंदींची) प्रत लेखी मागा, ७२ तासांत द्यावी लागते. त्यात चुकीचं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या, फॅमिली डॉक्टरांची पहिली चिठ्ठी जोडा. आम्हाला त्या जुन्या चिठ्ठीनेच तारलं.

दुसरं, सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. तुमची नऊ वर्षं झालीत, हा मुद्दा तक्रारीच्या पत्रात पहिल्याच ओळीत घ्या. मी वकील नाही, पॉलिसीची कलमं एकदा जाणकाराकडून वाचून घ्या.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. आपल्या कोल्हापूरकरांना पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. मात्र वर्षाच्या आत जा. आणि ग्राहक आयोगात आधी केस टाकलीत तर लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत, म्हणून माझ्या मते लोकपाल आधी. एजंटच्या "बघतो की"वर थांबू नका, तो पुढच्या हप्त्यापुरताच असतो.

जाता जाता, वडील सत्तरीच्या पुढचे आहेत तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. फक्त कुठल्या दवाखान्यात चालतं ते आजारपण यायच्या आत विचारून घ्या.

नकाराच्या पत्रात कुठलं कलम लिहिलंय ते इथे टाका. पॉलिसी नंबर झाका. कलमच लिहिलं नसेल तर तक्रारीत तेही घाला.