‘ॲडव्हेंचर आयलंड’ (टोपीवाला गेम) खरंच कुणी शेवटपर्यंत संपवलाय का? तो एवढा अवघड का होता?

हो, संपवलाय. टीव्हीला जोडून खेळायचा हा जुना व्हिडिओ गेम, त्यातला नायक टोपी घातलेला म्हणून ‘टोपीवाला’. मे २००६, गंगाखेडच्या आतल्या बाजूचं आमचं गाव, चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि काकांच्या ट्रॅक्टरची बॅटरी. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तिसऱ्या बेटापुढं गेलेला माणूस तुम्ही पाहिला नाही आणि ‘संपवला’ म्हणणारे सगळे थापा मारतात. थापा नाहीत. मी एकट्यानं संपवला असंही म्हणत नाही. माझी धाकटी बहीण शेजारी बसली होती. खरं सांगायचं तर गेम तिनं संपवला, रिमोट (गेमची बटणं असलेला) फक्त माझ्या हातात होता.

अवघड का, ते आधी सांगतो. टोपीवाल्याला काहीही शिवलं की मेला. गोगलगाय शिवली तरी मेला. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्येही तसंच आहे, पण तिथं बंदूक पहिल्यापासून हातात असते आणि मेल्यावरही साधी का होईना, बंदूक राहते. इथं कुऱ्हाड अंड्यातून मिळवायची, आणि मेलं की ती गेली. मधल्या पाटीपासून परत उभं राहायचं ते रिकाम्या हातानं. पुढचं कुऱ्हाडीचं अंडं येईपर्यंत समोरून जे येईल ते फक्त उड्या मारून चुकवायचं. म्हणजे एक चूक झाली की तिच्यामागं आणखी दोन लाइफ जातात. त्यात ती पडद्यावरची पोटाची पट्टी, संपली की मेला. नुसतं उभं राहिलं तरी ती उतरत जाते, म्हणून फळं खात पळतच राहावं लागतं, थांबून विचार करायची सोयच नाही. दगडाला अडखळलं की पट्टी आणखी कमी. आठ बेटं, प्रत्येकात चार राउंड, असे ३२ राउंड. सेव्ह नाही. तीन लाइफ संपल्या की परत पहिलं जंगल आणि पहिली गोगलगाय.

आणि वांगं. ज्यांनी खेळलंय त्यांना आठवत असेल. काही अंड्यांमधून वांगं निघतं, ते डोक्यावर तरंगत राहतं आणि पट्टी भराभरा पिऊन टाकतं. भाज्यांमध्ये वांगंच का निवडलं त्यांनी, देव जाणे, पण आमच्या घरात तेव्हापासून बहिणीनं वांग्याला हात लावला नाही.

आता दादाचं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. व्हिडिओ गेम त्याचाच. पप्पांनी आणि काकांनी मिळून परभणीच्या उरुसातून आणला होता, त्यासोबत एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर गेम हजारानं लिहिलेले, आत तेच वीस-पंचवीस नावं बदलून बदलून. दादाचा अंगठा फार जोरात चालायचा. बटणाखालचं काळं रबर झिजून रिमोट मेला की दादा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून रबराला चिकटवायचा आणि परत सुरू. त्याचं म्हणणं एकच, गेम हाताच्या वेगावर असतो. ज्याचा हात जोरात तो पुढं जातो, बाकीच्यांनी बसून बघावं. बहिणीला तर तो रिमोटच द्यायचा नाही. "तुला काय समजतंय त्यातलं, कामून मधी मधी करायलीस?" हे रोजचं.

गंमत म्हणजे दादाला माहीत नव्हतं तेव्हा, मलाही नव्हतं, पण हा टोपीवाला एका खऱ्या माणसावरून काढलेला आहे. जपानच्या हडसन सॉफ्ट कंपनीत ताकाहाशी म्हणून होते, गेमचे प्रचारक. ते सेकंदाला १६ वेळा बटण दाबायचे म्हणून जपानच्या पोरांमध्ये प्रसिद्ध. मुळात हा गेम ‘वंडर बॉय’ नावाचा. तो एस्केप नावाच्या कंपनीनं बनवला, पण नाव आणि त्यातला पोरगा सेगा या दुसऱ्या गेम कंपनीच्या मालकीचा. म्हणून हडसननं १९८६ साली तोच गेम घेऊन नायक बदलला आणि तिथं ताकाहाशींना टोपी घालून उभं केलं. तर ज्याच्या हाताच्या वेगाची एवढी कीर्ती, त्याच्याच गेममध्ये त्या वेगाचा काही उपयोग नाही! पडद्यावर एका वेळी दोनच कुऱ्हाडी जातात. त्यांतली एक लागल्याशिवाय किंवा खाली पडल्याशिवाय तिसरी सुटत नाही. सेकंदाला सोळा काय आणि साठ काय. दादा चौथ्या बेटाच्या पुढं कधी गेला नाही तो यामुळं, हे मी आजही त्याच्या तोंडावर म्हणतो.

बहिणीनं वेगळाच उद्योग केला. आम्ही खेळायचो तेव्हा ती मागं बसून वही घेऊन लिहायची. दोनशे पानी वहीची मागची पानं. बेडूक म्हणजे ‘बे’, दगड म्हणजे ‘द’, साप वाकडी रेघ, कावळा म्हणजे चौकट, फोडायचं अंडं पोकळ गोल आणि वांग्याचं अंडं गच्च भरलेला काळा गोल. प्रत्येक राउंडला एक ओळ, मधल्या पाटीच्या जागी उभी रेघ. ती तेव्हा सहावीत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं की इथं दर वेळी तेच येतं, त्याच जागी येतं, तेव्हा पाठ असेल तर हात हळू चालला तरी भागतं.

मेल्यावरही पुढं खेळू देणारी माशीही तिलाच सापडली. दादा बाहेर गेला की तिला पाच-दहा मिनिटं खेळायला मिळायची. पहिला राउंड तिला न मरता पार करता यायचा, पण शेवटच्या पाटीपाशी गेल्यावर आत जायचं तिच्या जिवावर यायचं, कारण आत गेलं की पुढं मरायचंच. म्हणून ती पाटीच्या आसपास उड्या मारत बसायची. तिथं हवेत एक लपलेलं अंडं निघालं आणि त्यातून मधमाशी. घेतली, काही झालं नाही. पुढं मेली, गेम ओव्हर आलं, आणि चिडून तिनं उजवा बाण दाबून धरलेला असतानाच स्टार्ट दाबलं. गेम पहिल्या जंगलात न जाता पुढं सुरू झाला. ती अंगणात ओरडत आली, "भैय्या, मेले तरी संपलं नाही!" मला खरं वाटलं नाही. मग आम्ही दोघांनी दहा वेळा करून बघितलं.

त्या उन्हाळ्यात लाइटचं काय होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. दिवसा असायची ती तुकड्यातुकड्यानं, आणि पाचव्या-सहाव्या बेटावर असताना गेली की सगळं गेलं. माशीही गेली, कारण मशीन बंद झालं की माशी कुठली लक्षात राहणार. आमच्या हाताला पूर्ण गेमला दीड तास तरी लागायचा, आणि दीड तास सलग लाइट त्या महिन्यात मी एकदाही बघितली नाही.

मग बॅटरी. टीव्ही बारा व्होल्टवर चालायचाच. वर्ल्डकपच्या मॅचेस आम्ही २००३ साली तशाच बघितल्या होत्या. गेमच्या ॲडॉप्टरची वायर मी कापली आणि त्याच बॅटरीच्या चिमट्यांना जोडली. नऊ व्होल्टच्या मशिनीला बारा दिल्यावर तिचं पोट तव्यासारखं तापायचं, म्हणून वरचं झाकण काढून ठेवलं. (तुम्ही करू नका. आमचं जळलं नाही, तुमचं जळेल.) सगळे अंगणात झोपल्यावर आम्ही दोघं ट्रॅक्टरच्या शेडमध्ये. आवाज बंद. तीन रात्री लागल्या. पहिल्या दोन रात्री सहावं आणि सातवं बेट पार करण्यातच गेल्या.

तिसऱ्या रात्री ती वही मांडीवर घेऊन, टॉर्च दातात धरून बसली होती. ओळीवर बोट ठेवून हळू आवाजात वाचत जायची. "बेडूक. दगड, दगड. उडी. ते फोडू नको, वांगं हाय. आता पळ." मी पडद्याकडं बघत होतो, पण खेळत होतो तिच्या आवाजावर. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, रात्रीचं सगळं करडं दिसायचं, गुहेच्या राउंडला वटवाघूळ आणि भिंत एकच. तिनं सांगितलं नसतं तर मला दिसलंच नसतं. आठव्या बेटाच्या चौथ्या राउंडला राजकन्येला धरून ठेवणारा तो मांत्रिक. प्रत्येक बेटाच्या शेवटी त्याचं एक मुंडकं उडतं आणि खालून दुसरं निघतं, असे आठ. शेवटच्याला मारताना ती वाचायची थांबली, कारण वहीत पुढं काही लिहिलेलंच नव्हतं. इथवर कुणी आलंच नव्हतं. मी एकदा मेलो. दोनदा मेलो. तिसऱ्यांदा तो पडला. राजकन्या सुटली, टोपीवाला आणि ती एकत्र आले, एवढंच. बघायला आम्ही दोघं आणि ट्रॅक्टर.

सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही. बॅटरी जुनीच होती, आम्ही ती तीन रात्री पिळली. काकांना रानात नांगरायला जायचं होतं. अख्ख्या घरानं ढकलून ट्रॅक्टर सुरू केला आणि मग मार माझ्या एकट्याच्या वाट्याला, जो रास्त होता. बहिणीचं नाव मी घेतलं नाही. तिथंच चुकलं माझं. कारण दुपारी दादाला सांगितलं की गेम संपला, तर तो म्हणाला, "कोणं बघितलं?" मी म्हणालो, हिनं. तो म्हणाला, "हिला घेऊन कोण बसतंय रात्रीचं? अन् माशी घेतल्यावर तो गेम झाला का? मेलेला माणूस उठून पळायलाय अन् म्हणं संपवला."

हे वाक्य तो आजतागायत म्हणतो. गेल्या वर्षी घरच्या लग्नातही मांडवात चार पोरांसमोर म्हणाला. म्हणून त्याचं उत्तर इथं लिहून ठेवतो, त्यालाही पाठवणार आहे. दादा, ती माशी कुणी चोरून घातलेली नाही. हडसन कंपनीचं चिन्हच मधमाशी होतं. त्यांनी स्वतःची खूण स्वतःच्या गेममध्ये, पहिल्याच राउंडमध्ये लपवली आणि शोधील त्याला दिली. तुला दोन वर्षांत ती सापडली नाही, कारण तू पाटी दिसली की पळत आत जायचास. माशी काही राउंड ओलांडून देत नाही. प्रत्येक राउंड शेवटी पायानंच पार करावा लागतो, आणि ते बत्तीसच्या बत्तीस आम्ही केले.

तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की आता मोबाइलवर इम्युलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) घेतलाय आणि दर दहा पावलांवर सेव्ह करून चौथ्या बेटावर पोचलाय. माझं मत विचाराल तर ते खेळणं नाही. दहा पावलं पाठ करायची आणि सोडून द्यायची, याच्यात राउंड डोक्यात बसतच नाही. सेव्ह बंद करा, पहिल्या राउंडच्या शेवटी उड्या मारून माशी काढा आणि मग खेळा. पळायचं आणि कुऱ्हाड मारायचं बटण एकच आहे, ते दाबून धरलं की उडी लांब जाते, हे तुम्हाला माहीत असणारच. पण पुढच्या बेटांवर ते सोडायलाही शिका, कारण बहुतेक मरणं घाईच्या लांब उडीमुळं होतात. स्केटबोर्ड मिळाला तर घ्या. त्यावर असताना एक धक्का माफ होतो. फक्त ज्या राउंडला सारखं थांबून वेळ साधावी लागते तिथं नको, कारण त्यावर थांबता येत नाही. पट्टी संपत आली म्हणून वाकडं जाऊन फळ घेऊ नका, वाटेतलीच पुरतात, आणि दुधाची बाटली कुठं आहे ते लिहून ठेवा. तिनं पट्टी पूर्ण भरते.

दुसरा भाग, तो डायनासोरवाला, सोपा आहे. त्याच्यावरून या भागाचा अंदाज बांधू नका.

हे सगळं आमच्या पिवळ्या कॅसेटवरचं आहे, हेही सांगून ठेवतो. तसल्या कॅसेटींत गेम बदलून घातलेले असायचे, काहींमध्ये लाइफ जास्त, काही मधल्याच राउंडपासून सुरू. तुमच्यात माशी निघाली नाही तर मला खोटं ठरवू नका. आणि ज्यांना दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास सेव्ह करत खेळून बरं वाटतं त्यांनी खुशाल खेळावं, मी त्यांना बोललो नाही. मी ‘संपवला’ या शब्दाबद्दल बोललो.

वही अजून आहे. बहीण आता नांदेडला असते, वही तिच्याकडंच. सातव्या आणि आठव्या बेटाच्या पानांचे फोटो तिनं मला पाठवलेत. सातव्याचं पान तुम्हाला टाइप करून देतो. आठव्याच्या तिसऱ्या ओळीवर दातात धरलेल्या टॉर्चवरून लाळ गळून शाई पसरलीय, तिथं बेडूक आहे का दगड ते तिला विचारून लिहितो.