मोत्या जर्मनीला निघाला

प्रश्न : गणपती झाले की मुलीकडे जर्मनीला कायमचे जाणार, सोबत आमचा कुत्रा मोत्या. रेबीजची लस दिलीय, कातडीखालची ओळखीची चिप आता बसवू. चालेल ना? – एक काकी, मालवण

उत्तर : नाही चालणार, काकी. चिपआधीची लस युरोपीय संघ धरत नाही. पंधरा अंकी मायक्रोचिप बसवा, मग मोत्याला पुन्हा टोचा. त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून संघाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. रेबीजशी लढणारी प्रतिपिंडे (लसीमुळे रक्तात तयार होणारी संरक्षक प्रथिने) मिलिलिटरमागे 0.5 आंतरराष्ट्रीय एकक तरी हवीत. रक्त काढल्यापासून आणखी 3 महिने थांबणे आलेच, तेव्हा तिकिटाची घाई नको. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर डॉक्टरांकडून पुस्तिकेत चिकटवून घ्याच. सरकारी प्रमाणपत्र शेवटी, मुंबईच्या पशू संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयातून. पिंजऱ्याची सवय मात्र आजपासून. पडवीत मोकळा लोळणारा कुत्रा विमानात बिथरतो.