एंजल माशाची पिल्लं जगवायची असतील तर

जोडीने पानावर अंडी घातली, म्हणजे तुमच्या टाकीतलं पाणी तिला मानवलंय. आता घाई करू नका. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पण पिल्लं पुढचे चार-पाच दिवस पानाला चिकटून नुसती वळवळतात. तेव्हा पोटाखालची पिशवीच त्यांना पुरते. खाणं टाकलंत तर ते कुजून पाणी बिघडेल.

मोकळी पोहू लागली की मात्र उपाशी ठेवू नका. ताज्या आर्टेमियाला, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या बारीक खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीला, तोड नाही. तिची अंडी बाटलीत घाला; लिटरभर पाण्यात साधारण 25 ग्रॅम मीठ, खालून हवेचा जोर आणि 27-28 अंश तापमान मिळालं की 24 ते 36 तासांत आर्टेमिया बाहेर येतो. तो गाळून, गोड्या पाण्यात धुऊन दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा द्या. पोटं नारिंगी दिसली की समजा, जेवली. रोज नवी बाटली लावा. याचा कंटाळा केला की पिल्लं जातातच.

फिल्टर स्पंजचाच हवा, आणि जुन्या टाकीत मुरलेला. थोडं पाणी रोज बदला. नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालायचंच. पुण्यात उन्हाळ्यात सोसायटीला टँकर आला तर ते पाणी थेट ओतू नका. बोअरचं असेल तर जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, आणि एवढ्या लहान जिवांना एकदम झालेला बदल सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत हीटर हवाच.

पहिल्या खेपेला आईबाप अंडी खातात, हे फार वेळा होतं. जोडी मोडू नका. पुढच्या दोन-तीन खेपा त्यांना द्या.