युद्धकवितांत सैनिकांच्या मनावरचा कायमचा आघात कसा व्यक्त झाला आहे?

युद्ध संपल्यावरही सैनिकांच्या मनात उरणारी जखम युद्धकवितांतून कशी दिसते, असे आपण विचारले आहे. पहिल्या महायुद्धातले इंग्रज सैनिक-कवी मी अनेक वर्षे वाचत आलो आहे, म्हणून त्यांच्यापुरतेच उत्तर देतो. माझ्या मते या कवितांचे सामर्थ्य रक्तपाताच्या वर्णनात नाही. घडून गेलेली घटना सैनिकाच्या मनात कधी ‘घडून गेलेली’ होतच नाही, हे या कविता क्रियापदांच्या काळातून, यमकांतून आणि वाक्यांच्या तुटकपणातून जाणवून देतात.

विल्फ्रेड ओवेनची ‘डुल्चे एट डेकोरम एस्ट’ (लॅटिन शीर्षक, अर्थ ‘गोड आणि योग्य आहे’) ही कविता पाहा. दमलेली तुकडी आघाडीवरून माघारी चाललेली असताना विषारी वायूचा हल्ला होतो. एका सैनिकाला मुखवटा वेळेत चढवता येत नाही, आणि आपल्या मुखवट्याच्या धुरकट काचेतून पाहणाऱ्या निवेदकाला तो हिरव्या समुद्रात बुडत असल्यासारखा दिसतो. इथपर्यंतचे निवेदन भूतकाळात आहे. मग अचानक दोनच ओळींचे वेगळे कडवे येते आणि काळ बदलतो: माझ्या सगळ्या स्वप्नांत, मी असहाय पाहत असताना, तो घुसमटत, बुडत माझ्यावर झेपावतो. विशेष म्हणजे इथे ओवेनने ‘बुडणे’ या क्रियापदाचे यमक दुसऱ्या कोणत्याही शब्दाशी न जुळवता त्याच शब्दाशी जुळवले आहे. यमकाच्या जागी वाचकाचा कान नव्या शब्दाची वाट पाहतो आणि तिथे जुनाच शब्द परत येतो. रोज रात्री तेच स्वप्न पडणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही वैद्यकीय वर्णनापेक्षा या दोन ओळींनी अधिक समजावले आहे.

हे ओवेनने दुरून लिहिलेले नाही. १९१७ च्या वसंतात फ्रान्समध्ये तोफगोळ्याच्या स्फोटाने तो फेकला गेला, आणि त्यानंतर ‘शेल शॉक’चा, म्हणजे युद्धाने बसलेल्या मानसिक धक्क्याचा, रुग्ण म्हणून त्याला एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट या लष्करी रुग्णालयात पाठवण्यात आले. तिथेच त्याची सीगफ्रीड ससून या दुसऱ्या सैनिक-कवीशी भेट झाली. पुढे १९१८ मध्ये लिहिलेल्या ‘मेंटल केसेस’ या कवितेत ओवेनने अशा रुग्णांनाच समोर बसवले आहे. हे कोण आहेत, इथे अंधुक उजेडात का बसले आहेत, या प्रश्नांनी कविता सुरू होते. या माणसांसाठी रोजची पहाट म्हणजे पुन्हा भळभळू लागणारी जखम आहे. शेवटी त्यांचे चाळवणारे हात ‘आपल्याकडे’, म्हणजे ज्यांनी त्यांना युद्ध आणि वेड दिले त्यांच्याकडे, झेपावतात. वाचकाला बाहेर उभे राहून हळहळण्याची सोय ओवेन ठेवत नाही, आणि म्हणूनच ही कविता मला फार मोलाची वाटते.

ससूनची पद्धत वेगळी आहे. ‘रिप्रेशन ऑफ वॉर एक्स्पीरियन्स’ या कवितेतला सैनिक घरी सुरक्षित आहे, उन्हाळ्याची रात्र आहे, मेणबत्तीभोवती पतंग फिरत आहे. तो स्वतःलाच समजावत राहतो: पाइप पेटव, खोल श्वास घे, विचार थांबव, पंधरापर्यंत मोज. परंतु दूरच्या तोफांची धडधड थांबत नाही, आणि आपण वेडे होत आहोत हे तो अखेरीस उघड बोलून जातो. ससूनवर उपचार करणारे डॉक्टर रिव्हर्स यांच्या डिसेंबर १९१७ मधील व्याख्यानाचे शीर्षकही हेच होते, आणि भयानक आठवणी बळाने दडपून टाकल्याने रुग्णाचे नुकसान होते, हेच ते त्यात सांगत होते. तोंडाने धीर देणारे शब्द आणि आत माजलेला कल्लोळ यांतली ओढाताण या कवितेत ओळीओळीला जाणवते.

इथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. क्रेगलॉकहार्ट हे फक्त अधिकाऱ्यांसाठीचे रुग्णालय होते. साध्या शिपायाचे मन ऐकायचे असेल, तर ग्लॉस्टरशर रेजिमेंटमध्ये शिपाई असलेल्या कवी आयव्हर गर्नीकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगेन. तो जखमी झाला, त्याला विषारी वायूही लागला. त्याचा मानसिक आजार युद्धापूर्वीच सुरू झालेला होता, त्यामुळे सगळा दोष युद्धावर टाकणे योग्य होणार नाही. मात्र १९२२ पासून १९३७ मधील मृत्यूपर्यंत तो मनोरुग्णालयांतच राहिला आणि तिथेही खंदकांवरच्या कविता लिहीत राहिला. ‘टू हिज लव्ह’ या त्याच्या कवितेत मित्राच्या प्रेताला तो नावसुद्धा देऊ शकत नाही. फुलांनी ती लाल, ओली ‘वस्तू’ झाका, मला ती कशीतरी विसरायची आहे, एवढेच तो म्हणतो.

‘स्ट्रेंज हेल्स’ या कवितेत गर्नी युद्धाने मनांत तयार केलेल्या अनोळखी नरकांबद्दल बोलतो आणि मग विचारतो की ते सोबती आता कुठे आहेत. कोणी सरकारी भत्त्यावर जगतो आहे, कोणी दुकानात मालाचे नमुने दाखवतो आहे, कोणी मागून आणलेल्या फाटक्या कपड्यांत गावोगाव चालतो आहे. नागरी जीवनाची ही चाकोरी काही केल्या अंगवळणी पडत नाही. शेवटच्या ओळीत तो सांगतो की हृदय जळते, पण ते कसे जळते आहे हे चेहऱ्यावर दिसू द्यायचे नसते.