डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा लावा, पण मुलीची एफडी मोडू नका

जयहिंद. तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या इतर माजी सैनिकांनाही हे उत्तर लावून पाहता येईल. 24 वर्षांच्या सेवेनंतर 2019 मध्ये तुम्ही हवालदार म्हणून निवृत्त झालात. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने उच्च रक्तदाबामुळे आलेलं तुमचं अपंगत्व 30 टक्के, आयुष्यभरासाठी, असं धरलं. पण या आजाराचा सेवेशी संबंध नाही, असा शेरा मारला. त्यामुळे डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम नामंजूर झाला आणि तुम्ही अपील केलं नाही. आता एक ‘पेन्शन सल्लागार’ सात लाखांची थकबाकी काढून देतो म्हणतोय. त्याला 50,000 रुपये आगाऊ, थकबाकीतले 30 टक्के आणि सही केलेले दोन कोरे चेक हवे आहेत. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची दोन लाखांची एफडी मोडावी का आणि येणाऱ्या थकबाकीच्या भरवशावर घरावर मजला चढवायला कर्ज काढावं का, हे तुमचे दोन प्रश्न.

दावा लावा, अगदी नक्की लावा. या माणसामार्फत नको, आणि एफडीला हात लावून तर नकोच.

आधी आकडे पाहू. तुमचे शेवटचे पेन्शनपात्र वेतन, एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) धरून, 46,000 होते असं तुम्ही लिहिलंय. 100 टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वापोटी सर्व्हिस पेन्शनवर मिळणारी जादा रक्कम, वेतनाच्या 30 टक्के असतो, म्हणजे 13,800. तुमच्या 30 टक्क्यांना त्यातले 4,140 येतील. पण ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे टक्केवारी वरच्या ठरावीक टप्प्यावर नेण्याच्या नियमात, 50 टक्क्यांच्या आतलं अपंगत्व 50 टक्के धरतात, त्यामुळे ही रक्कम 6,900 होते. महिन्याला 6,900, म्हणजे वर्षाला 82,800, आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा. एवढं व्याज सात टक्क्यांनी मिळवायचं तर जवळपास 12 लाखांची ठेव लागेल. सल्लागार तुम्हाला थकबाकी दाखवतोय, पण तुमची खरी मिळकत या दरमहाच्या, हयातभर चालणाऱ्या रकमेत आहे. त्याच्या करारनाम्यात ‘मिळणाऱ्या सर्व रकमेच्या 30 टक्के’ अशी भाषा असेल, तर तो तुमच्या पुढच्या पेन्शनमध्येही वाटेकरी होऊ पाहतोय.

थकबाकीचा सात लाखांचा आकडा मात्र मनातून काढा. 2008 च्या तरसेम सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पेन्शनची हानी दर महिन्याला नव्याने होत असल्याने केवळ उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. पण थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. वकील त्याहून जास्त मागतील, त्यांनी मागावी. घरच्या हिशेबात मात्र 36 महिनेच धरा: 2,48,400 आणि त्यावरचा महागाई भत्ता. याचा दुसरा अर्थ असा की तुम्ही थांबाल त्या प्रत्येक महिन्यामागे मागचे 6,900 हातचे जाऊ शकतात. म्हणून निवांत बघू म्हणू नका.

आता दाव्यात दम किती? माझ्या मते चांगला आहे. धरमवीर सिंग खटल्यात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत जडला असं मानायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो, सैनिकावर नाही, आणि बोर्डाने कारणं द्यायला हवीत. तुम्हाला शंका आहे की मला आजारामुळे घरी पाठवलं नव्हतं, मी मुदत पूर्ण करून आलो, मग बँडिंग कसं मिळेल? राम अवतार खटल्यात डिसेंबर 2014 मध्ये तो प्रश्न मिटला. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ते मिळतं. 21 सप्टेंबर 2023 पासून आलेले नवे नियम त्या तारखेनंतर सेवा सोडणाऱ्यांसाठी आहेत. तुमचं प्रकरण जुन्या नियमांत बसतं.

खरा कस लागेल तो बोर्डाच्या कागदावर, म्हणजे एएफएमएसएफ-16 या फॉर्मवर. त्यात तुमच्या सगळ्या पोस्टिंगचा तक्ता असतो: कुठून कुठपर्यंत, कोणत्या ठिकाणी, आणि पुढे ‘पीस’ (शांत भागातली छावणी) की ‘फील्ड’ (सीमेवरचा किंवा तणावाचा भाग). बोर्ड बहुधा एवढंच लिहितं की रक्तदाबाची सुरुवात पीस स्टेशनला झाली, म्हणून सेवेचा संबंध नाही. तुम्ही लिहिलंय की राजौरीत अडीच वर्षं काढून पुण्याला आलात आणि चारच महिन्यांत वार्षिक तपासणीत रक्तदाब सापडला. सापडला पुण्यात, पण त्याआधीचा ताण कुठला होता हे त्या तक्त्यातल्या तारखाच सांगतात. फील्डमधल्या शेवटच्या तपासणीची नोंद मिळाली तर तीही जोडा. हा कागद जवळ नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत. 50,000 देण्याआधी हे दहा रुपये खर्च करा.

पुढची वाट अशी. नामंजुरीच्या पत्रावर पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अपिलाची सहा महिन्यांची मुदत तुमची केव्हाच उलटली, म्हणून अर्जासोबत उशीर माफ करण्याची विनंती आणि उशिराचं खरं कारण जोडावं लागेल. सध्याच्या सर्व्हिस पेन्शनला या दाव्याने धक्का लागत नाही. गावाकडे तशी भीती फार पसरवली जाते. अर्ज लिहायला आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ‘नाल्सा’ने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) जुलै 2025 मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिच्यातून सैनिक बोर्डांत मोफत कायदेशीर मदत केंद्रं उघडली जात आहेत, तुमच्या जिल्ह्यात आहे का, तिथेच विचारा.

वकील लावायचाच तर ठरावीक फी, टप्प्याटप्प्याने आणि पावतीसह. निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा मागायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत वकिलांना मनाई आहे. तेव्हा 30 टक्के मागणारा एक तर वकील नाही किंवा नियम मोडतोय. कोरा चेक तर सख्ख्या भावालाही देऊ नये. टप्प्यांची फी मासिक पेन्शनमधून भागवा. मुलीची फी जूनमध्ये भरायचीच आहे, आणि न्यायाधिकरणाची तारीख काही जून बघून पडत नाही.

याच कारणाने मजल्याचं कर्ज आज काढू नका. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी सरकार वरच्या न्यायालयात जाऊ शकतं, आणि आदेश हातात असूनही अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागल्याची प्रकरणं पुष्कळ आहेत. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. नवा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) निघून वाढीव रक्कम खात्यात यायला लागली की मला पुन्हा लिहा, तेव्हा मजल्याचं गणित मांडू. ही रक्कम करपात्र धरूनच हिशेब करा. सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) 2019 च्या परिपत्रकात करमाफी अपंगत्वामुळे सेवेतून मुक्त केलेल्यांनाच आहे, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही.

आणखी एक गोष्ट वहिनींनाही सोबत बसवून बोला. डिसॅबिलिटी एलिमेंट तुमच्या हयातीपुरता असतो, तुमच्यामागे त्यांना सर्वसाधारण फॅमिली पेन्शन मिळेल. तेव्हा या 6,900 वर घरखर्च बेतू नका. रक्तदाब असला तरी टर्म इन्शुरन्स मिळतो, हप्ता थोडा चढा असतो. प्रपोजल फॉर्ममध्ये आजार न लपवता लिहा आणि मुलगी कमावती होईपर्यंतच्या मुदतीची पॉलिसी बघा.