‘डोपामिनजन्य’ की ‘डोपामिनजनक’?

‘मानवी मूलपेशींपासून डोपामिनजन्य चेतापेशी वाढवल्या’ हे वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. (मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात त्या पेशी; डोपामिन हे मेंदूत निरोप पोचवणारे एक रसायन.) माझ्या मते त्यातले दोन शब्द बदलायला हवेत.

‘जन्य’ म्हणजे एखाद्या गोष्टीपासून उत्पन्न झालेले, जसे जलजन्य आजार. उत्पन्न करणारा तो ‘जनक’, जसे रोगजनक जिवाणू. या चेतापेशी डोपामिनपासून होत नाहीत, त्या डोपामिन तयार करतात. म्हणून त्या डोपामिनजनक. ‘मूलपेशीजन्य’ मात्र त्यांना खुशाल म्हणावे.

‘वाढवल्या’चा प्रश्न जास्त खोल आहे. मूलपेशींचे विभाजन होत राहते, म्हणून त्या पोषक द्रवात वाढवता येतात. १९९८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी वेगळ्या काढून अशाच वाढवल्या. चेतापेशी एकदा तयार झाली की तिचे विभाजन थांबते, मग तिची संख्या वाढवणार कशी? ती घडवावी लागते, आणि हे घडवणे फार नाजूक काम आहे. आधी काही रासायनिक संकेत अडवून मूलपेशीला चेतासंस्थेच्या वाटेवर आणतात. मग ‘सॉनिक हेजहॉग’ आणि ‘विंट’ हे संकेत तिला मध्यमेंदूच्या तळभागाची ओळख देतात. विंटचा जोर कमी पडला तर पेशी अग्रमेंदूकडे झुकते, जास्त झाला तर पश्चमेंदूकडे. मूलपेशी-संशोधक लॉरेन्झ श्टुडर यांच्या गटाने २०११ मध्ये याच तळभागाच्या मार्गाने घडवलेल्या पेशी प्राण्यांच्या मेंदूत टिकून काम करू शकतात हे दाखवले. एवढी कारागिरी ‘वाढवल्या’ या क्रियापदात दिसतच नाही. म्हणून मूलपेशी वाढवल्या आणि त्यांच्यापासून चेतापेशी घडवल्या, असे लिहावे. ‘तयार केल्या’ हेही चालेल.

पार्किन्सनच्या आजारात नेमक्या याच चेतापेशी नष्ट होत जातात, त्यामुळे बातम्यांमध्ये पुढे ‘चेतापेशींचे रोपण’ असा शब्दप्रयोग येतो. तिथेही जपून लिहावे. क्योतो विद्यापीठात २०१८ मध्ये रुग्णाच्या मेंदूत सोडल्या त्या पूर्ण झालेल्या चेतापेशी नव्हत्या, त्यांच्या पूर्वपेशी होत्या. चेतापेशी म्हणून त्यांची घडण मेंदूत गेल्यावर पुरी व्हायची असते. तेव्हा ‘डोपामिनजनक चेतापेशींच्या पूर्वपेशींचे रोपण’ असेच लिहावे, शब्द लांबला तरी.